राहतं घर दिसावं म्हणून

उशांपासून सुरुवात करते, कारण माझं डोकं रोज तिथूनच फिरायचं. माणसाला झोपायला एक उशी लागते, फार तर दोन. त्या घरातल्या पलंगावर उशांचा नुसता बाजार होता. चौकोनी, गोल, लांबट, मखमली, आणि एकीवर तर मण्यांचं भरतकाम, म्हणजे झोपून उठलं की गालावर नक्षी. रात्री त्या सगळ्या उचलून खुर्चीवर रचायच्या आणि सकाळी फोटोत बघून जशाच्या तशा परत मांडायच्या. या कामाचा मला पगार मिळायचा. कुणाला सांगितलं तर म्हणतात, काय थट्टा करता!

थट्टा नाही. विकायला काढलेल्या घरात राहायचं, हेच माझं काम. रिकाम्या घरात गिऱ्हाईक शिरलं की आधी ओल शोधतं, मग भेगा शोधतं, मग भाव पाडतं. तेच आत चहाचा वास असला, खुर्चीवर अर्धवट वाचलेलं वर्तमानपत्र असलं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा चष्मा पुस्तकावर पडलेला असला, तर तेच गिऱ्हाईक आपलं कपाट कुठे मावेल ते बघायला लागतं. हे सगळं दलालाचं डोकं. त्याला दलाल म्हटलेलं आवडत नाही. त्याच्या कार्डावर 'मालमत्ता सल्लागार' असं छापलंय, म्हणून मी मुद्दाम दलालच म्हणते. तो मला मावशी म्हणतो.

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही राहायचो ती इमारत पाडायला विकली गेली, तेव्हा भाडेकरूंना बाहेर काढायचं काम याच्याकडे होतं. एकेक बिऱ्हाड गेलं. मी हलेना. आमचे हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि मला कुठे जायचं तेच सुचत नव्हतं. मूलबाळ नाही, माहेर उरलेलं नाही. दलाल यायचा, मी त्याला वाट्टेल ते बोलायची, तो ऐकून घ्यायचा आणि परत यायचा. शेवटी अख्ख्या इमारतीत मी एकटी राहिले. पाणी तोडलं, तेव्हा मात्र मी हात टेकले. त्या दिवशी त्याने माझी बॅग स्वतः उचलली आणि जिना उतरता उतरता म्हणाला, "मावशी, तुम्हाला घर सोडवत नाही, हे मला कळलंय. मग नुसतं राहण्याचाच पगार घ्याल का?"

मेल्याने अगदी नेमकं हेरलं होतं. तेव्हापासून मी राहत आले, कधी या घरात, कधी त्या.

पण हे घर वेगळं होतं. शहराच्या जुन्या भागातली एक चढाची गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी असलेली अरुंद, उंच घरं, आणि त्यातलं हे एक. रस्त्यावरून दगडी पायऱ्या चढलं की थेट दार. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, त्याच्या वर उतरत्या छपराची एक खोली. एका कंपनीने ते पडक्या अवस्थेत घेतलं आणि जसं होतं तसं परत उभं केलं. भिंतीवरचे रंगाचे थर खरवडून सगळ्यात आतला हिरवा शोधून काढला आणि तोच लावला. जिन्याच्या कठड्याचं सडलेलं लाकूड काढून तिथे नवं असं बसवलं की सांधा हाताला लागत नाही. दाराशेजारी पितळी पाटी, तिच्यावर घर कधीचं आहे ते कोरलेलं. कंपनीचा माणूस गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, "बघा, शंभर वर्षांपूर्वी कुणी इथे राहत होतं, ते आज परत आलं तर त्याला काही बदललंय असं वाटणार नाही."

मी मनात म्हणायची, येणार कोण आहे?

राहायचे नियम पुष्कळ. नळ वापरला की कोरडा पुसायचा. टबमध्ये आंघोळ करायची नाही, फक्त टॉवेल लटकवायचा. काही तळायचं नाही, वास राहतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे तर सगळ्यात वर. माझी बॅग कोळशाच्या जुन्या कोठीत, कुलपात. आणि संध्याकाळ झाली की खाली एक आणि वर एक दिवा लावायचा, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, घरात माणसं आहेत. एकदा दिवे लावून मी पाव आणायला बाहेर पडले आणि परत येताना समोरच्या बाजूला थांबून घराकडे पाहिलं. दोन्ही खिडक्यांत पिवळा उजेड, पडदे अर्धे सरलेले. कुणीतरी वर पुस्तक वाचतंय आणि कुणीतरी खाली स्वयंपाक करतंय, असं दिसत होतं. खरं सांगते, मला त्या लोकांचा हेवा वाटला. मग पिशवीतली किल्ली काढून मी त्यांच्या घरात गेले आणि पाव उभ्यानेच खाल्ला, टेबल मांडलेलं होतं म्हणून.

या घराचा सौदा झाला तर मला एक खोली मिळणार होती. दलालाच्या स्वतःच्या इमारतीत, गच्चीला लागून. राहायला म्हणजे कायमची, मी मरेपर्यंत. तसा शब्दच दिला होता त्याने. कारण हे घर काही केल्या जाईना. एवढं उंच, अरुंद, महागडं घर घेणार कोण? कंपनी त्याच्या डोक्यावर बसली होती. मी ती खोली बघून आले होते. लहानशी, एका कोपऱ्यात मोरी, खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसायच्या. पण दाराला माझं कुलूप, आणि मनात येईल त्या भिंतीत मनात येईल तेव्हा खिळा. मला आयुष्यात आता तेवढंच हवं होतं. नुसत्या विचारानेच मला झोप चांगली लागायची, उशा असूनसुद्धा.

तर ही खोली मिळवण्याच्या नादात मी बोलायला लागले. आधीच्या घरांत मी फक्त दिसायचं काम करायची. चहा टाकायची, हसायची, बाजूला व्हायची. या घरात एक दिवस एक बाई आल्या, नाक वर, आणि जिन्याखालच्या लाकडी बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही अडगळ कशाला?"

मला राग आला. बाक माझा नव्हता, पण मी रोज पुसत होते त्याला. मी म्हटलं, "अडगळ कसली? आमचे हे इथे बसून बूट घालायचे. एक बूट घालून झाला की दुसरा हातात घेऊन विचारात पडायचे. मी हाक मारली की म्हणायचे, थांब गं, पाय आठवतोय."

हे खरं होतं. आमचे हे असंच करायचे. फक्त बाकावर नाही, आमच्या घरात कुठेतरी. पण त्या बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी बाकावर बसून पाहिलं. दलाल मागे उभा होता. त्याचे डोळे असे चमकले, जशी काही लॉटरी लागली. बाहेर आल्यावर म्हणाला, "मावशी, असंच! असंच बोलायचं. आजपासून घर तुमचं. तुम्ही आणि काका इथेच राहिलात." आणि कागदावर कंपनीचं नाव आहे त्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "पुतण्यांची कंपनी. पुतणे परदेशात. झालं."

मला आधी चोरटं वाटलं. मग वाटेनासं झालं. कारण मी खोटं बोलतच नव्हते. बोलत होते ते सगळं आमच्या ह्यांचं, अगदी सही सही. फक्त त्यांना मी या घरात आणून बसवलं. कारखान्यात कपडे बेतण्याचं काम करायचे ते. माणूस दिसला की मनातल्या मनात माप घ्यायचे. दाढी करता करता खिडकीतून रस्त्यावर बघत ओरडायचे, "अगं, हा छत्तीसवाला चौतीसची पँट घालून फिरतोय, श्वास कसा घेतो कोण जाणे!" हे मी पुढच्या बैठकीच्या उंच खिडकीशी उभं राहून सांगायची. गिऱ्हाइकं खिडकीतून खाली बघायची आणि हसायची. कुणीतरी नकळत पोट आत घ्यायचं.

रुसणं सांगायला मला सगळ्यात मजा यायची. आमच्या दोन खोल्यांत रुसायला जागाच नव्हती. हे रागावून आतल्या खोलीत गेले तरी मला त्यांचा पाय दिसायचा. पण या घरात जागाच जागा. मग मी सांगायची, रुसले की सगळा जिना चढून थेट छपराखालच्या खोलीत जाऊन बसायचे. मी खालून हाक मारायची, जेवायला या! वरून उत्तर नाही. मग मी ताटावर चमचा वाजवायची आणि मग एकेक पायरी करकर वाजत यायची. पुढेपुढे असं व्हायला लागलं की संध्याकाळी एकटी असताना मला ती करकर ऐकू यायची. भीती नाही वाटली कधी. बरं वाटायचं. मी खालूनच म्हणायची, "बसा वरच, मला काय!" आणि माझी मीच हसायची.

एका गोष्टीवरून मात्र माझं आणि दलालाचं जुंपलं. एक दिवस येऊन बघते तर मागच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा. खालून वर, पोरांची उंची मोजतात तशा. शेजारी वर्षं लिहिलेली. दलाल म्हणाला, "कुटुंबवाल्यांना आवडतं, मावशी. दोन मुलं होती म्हणा, शिकायला बाहेर गेली."

मी फडकं ओलं केलं आणि त्याच्यासमोर सगळ्या रेघा पुसून काढल्या. रंग उडाला तरी पुसत राहिले. तो म्हणाला, "अहो, नवरा चालतो तर मुलं का नाही?" मी म्हटलं, "नवरा मला होता. मुलं नव्हती. झाली नाहीत, त्याचं मी काय भोगलं ते तुला काय ठाऊक? परत हे केलंस तर बॅग घेऊन रस्त्यावर जाऊन बसेन." त्याने रंगाऱ्याला बोलावून चौकट परत हिरवी करून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जहाजवाले आले. जहाजावर इंजिनियर होते, निवृत्त झालेले. एकटेच. बायको केली नाही, म्हणाले, राहूनच गेलं. दारातून आत येताना पाय उंच उचलून टाकायचे, जहाजावरच्या दारांना उंच काठ असतो म्हणून. इथे काठ नाही हे दिसत असूनही प्रत्येक दारात तेच. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकला, पाइपवर टिचकी मारून कान लावला. मी मागून फडकं घेऊन फिरतेय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ओशाळले आणि नळ स्वतःच पुसला. किमतीचं अवाक्षर काढलं नाही. मला म्हणाले, "वहिनी, तुमचे यजमान सकाळी कुठे बसायचे?"

असं कुणी विचारलं नव्हतं. लोक ऐकायचे, पण आपणहून कुणी विचारत नव्हतं. मी बाक दाखवला, खिडकी दाखवली, वरची खोली दाखवली. ते प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं थांबले. दुसऱ्यांदा आले तेव्हा दलाल बाहेर फोनवर बोलत होता. आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसलो, दिखाव्याला ठेवलेल्या कपांतून. मी तासभर बोलत होते. ह्यांचं आजारपणसुद्धा सांगितलं, जे मी कुणाला सांगत नाही. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचाच शर्ट ढगळ व्हायचा, आणि ते तर माप घेणारे, त्यांना सगळं कळत होतं. मी शर्ट रात्री उसवून आतून शिवायची, म्हणजे सकाळी घालताना नीट बसावा. त्यांना तेही कळत होतं. बोलले नाहीत कधी. जहाजवाल्यांनी आपला कप स्वतःच विसळला आणि पुसून ठेवला.

दलाल जाताना कानात कुजबुजला, "मासा गळाला लागला, मावशी. रविवारी शेवटचं सांगायला येतायत. खोली झाडून घ्यायला सांगतो." मी त्या रात्री खरंच सगळ्या उशा जमिनीवर फेकल्या आणि आडवी झाले.

रविवारी ते एकटे आले. येण्याची वेळ दलालाला कळवलीसुद्धा नव्हती. दारातच म्हणाले, "वहिनी, मी हे घर घेणार नाही."

मी म्हटलं, "किमतीचं काही असेल तर तो कमी करेल हो, बोलते मी त्याच्याशी."

"किमतीचं नाही. आत येऊ?"

ते बाकावर बसले. मी उभीच. म्हणाले, "आमचं घर माझ्या भावाने विकलं. मी जहाजावर होतो. त्याने फोन केला, मागे इंजिनाचा आवाज, निम्मं ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. आई होती त्या घरात. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. भावाच्या फ्लॅटवर नेल्यावर ती रोज संध्याकाळी चपला घालून बसायची. म्हणायची, चला, घरी जाऊ. मी सुट्टीवर आलो तेव्हा मलाही म्हणाली." मग म्हणाले, "तुमच्याकडून हे घर घेऊन मी इथे झोपू कसा? तुम्ही हे विकू नका. पुतण्यांचं ऐकू नका. मी तुम्हाला वकील देतो, खर्च माझा. पण तुम्ही इथून हलू नका."

इतक्या वर्षांत मला 'हला' सगळ्यांनी सांगितलं होतं. 'हलू नका' म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तो चुकीच्या घरात भेटला. पण खोली डोळ्यांसमोर होती. मी ठरवलं, बस झालं, खरं काय ते सांगून टाकायचं.

"साहेब, हे घर माझं नाही," मी म्हटलं. "मी पगारी बाई आहे. घर राहतं दिसावं म्हणून ठेवलंय मला."

ते माझ्याकडे बघून हळूच हसले. "पुतण्यांनी असं बोलायला शिकवलं?"

"पुतणेबितणे कुणी नाहीत! ते त्या दलालाने रचलं. थांबा, दाखवते." मी कोळशाच्या कोठीचं कुलूप काढलं आणि बॅग ओढून आणली. "हे बघा माझं सगळं सामान. एवढंच. घरात दुसरी एक वस्तू माझी नाही."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बॅगसुद्धा भरून ठेवायला लावली," ते म्हणाले. "कोळशाच्या कोठीत!"

"अहो, तसं नाही हो! हे घर विकलं तर मला खोली मिळणार आहे. गच्चीजवळची, माझी एकटीची. तुम्ही घ्याल तर माझं भलं होईल. कळतंय का?"

"एवढं घर सोडून एका खोलीत," ते म्हणाले, "आणि त्यातच तुमचं भलं आहे, असंही तुम्हाला पटवून दिलंय."

मी कपाळावर हात मारला. मी जे जे खरं बोलत होते, ते ते त्यांच्या बाजूने जात होतं. आमच्या ह्यांची शपथ घेतली. ते म्हणाले, "वहिनी, त्यांचं नाव घेऊन खोटं बोलू नका. मला फसवणारी माणसं पुष्कळ भेटली आहेत. तुम्ही शर्टाचं सांगितलंत ना, ते कुणाला रचता येत नाही."

"शर्टाचं खरंच आहे! सगळं खरं आहे! फक्त या घरात नाही घडलं. आमचं घर वेगळं होतं. दोन खोल्या होत्या."

"बरं," ते शांतपणे म्हणाले. लहान मुलाची समजूत काढतात तसे. "मग तिथलं सांगा. त्या घरात यजमान दाढी कुठे करायचे?"

"खिडकीत."

"कसली खिडकी होती?"

मी तोंड उघडलं. उंच, पांढऱ्या चौकटीची, खाली चढाची गल्ली. ती नव्हे. मी मान हलवली आणि परत विचार केला. परत तीच आली.

"राहू द्या," ते म्हणाले. "रुसले की कुठे जाऊन बसायचे?"

"वर," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं. दोन खोल्यांना कसलं आलंय वर? जहाजवाले उठले, माझी बॅग उचलून परत आत नेऊन ठेवली, कोठीत नाही, जिन्याच्या पायथ्याशी, म्हणजे मला वर नेता येईल अशी. एका कागदावर स्वतःचा नंबर लिहून दिला. दारात पाय उंच उचलून बाहेर टाकला आणि वळून म्हणाले, "राहा, वहिनी. आपलं घर आहे." आणि पायऱ्या उतरून गेले.

मी बाकावर बसले. आमच्या घरात ते बूट घालायला कशावर बसायचे? स्टूल होतं? पलंगाची कड? पलंग कुठल्या भिंतीला होता? मी बॅग उघडून त्यांचा फोटो काढला. तो स्टुडिओतला होता, मागे रंगवलेला पडदा, त्यावर ढग. बाकी घरातला म्हणावा असा एकही फोटो आम्ही काढला नव्हता. दोन खोल्यांत कोण फोटो काढतं?

इतके दिवस मी गिऱ्हाइकांसमोर त्यांना एकेका जागी बसवत गेले आणि ते निमूट बसत गेले. बूट इथे, दाढी तिथे, रुसवा वर. एकेक उचलून आणताना मला वाटत होतं, मागे सगळं शाबूत आहे, हवं तेव्हा जाऊन बघता येईल. मागे काही उरलंच नव्हतं. मी रडले. मोठ्याने रडले, भिंती जाड आहेत, शेजारी ऐकू जात नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा दलालाचा फोन आला. त्याला जहाजवाल्यांनी चार शब्द सुनावले होते. तो आधी ओरडला, मग थकून बोलायला लागला. "कंपनी आता थांबायला तयार नाही, मावशी. घर एका ऑफिसला भाड्याने देणार. विक्रीच नाही तर मी खोली कुठून देऊ? मलाही वाईट वाटतंय. पण नदीपलीकडे नव्या इमारतीत एक फ्लॅट आलाय, पुढच्या आठवड्यापासून तिथे राहा. तिथेही काकांचं असंच सांगा, लोकांना आवडतं."

"तू आमच्या घरी आला होतास," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"आमच्या. पाडलं ते. किती वेळा आला होतास, भांडायला. आत बसायचास. आठव ना जरा. तू बसायचास तेव्हा खिडकी तुझ्या कुठल्या हाताला असायची?"

तो खरंच आठवायचा प्रयत्न करत असावा, कारण फोनवर मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मनाने वाईट नाही तो.

"मावशी, त्या वर्षी मी अशी कितीतरी घरं रिकामी केली," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही कुठल्या मजल्यावर होता?"

"दुसऱ्या," मी म्हटलं.

तेवढं मला माहीत होतं. त्या इमारतीचा जिनासुद्धा मला दिसत होता, कळकट, वळणावर पाण्याचा डाग असलेला. मी चढत होते. आमचं दार आलं, कडी हाताला लागली. दार ढकललं, आणि आत हेच घर.